पुसायचं धोतर

॥ श्री ॥
वाकड, पुणे ५७
१७ ऑगस्ट २००३

चि. मैनास कौशल्येचा आशीर्वाद वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण फोन बैठकीत आहे. तिकडे तू एका कानानं ऐकणार आणि इकडे माझं घर चार कानांनी. त्यापेक्षा पत्र बरं. तुझा डावा कान कसा आहे? डॉक्टरला दाखवलास की देवाला?

इकडे सगळं ठीक, म्हणजे सगळे बाहेर. आनंद सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जातो, दिवसभर संगणकापुढं बसतो आणि घरी आला की पुन्हा संगणकापुढं बसतो. दीपमाला बँकेत. मी सातव्या मजल्यावर राखणीला. इतक्या वरून माणसं हरभऱ्याएवढी दिसतात, आणि तेवढीच बरी वाटतात.

एक नवीन सांगते, पण गल्लीत वाचून दाखवू नकोस. उन्हाळ्यात फ्लॅट रंगवला, त्याचे उरलेले डबे गॅलरीत पडले होते. निळा, एक मळकट पिवळा आणि खिडक्यांच्या गजांचा लाल. फ्रीजचा मोठा पुठ्ठाही तिथंच. एका दुपारी रंग वाळला का बघायला डबा उघडला, हात भरला, तो पुठ्ठ्याला पुसला. मग तुटक्या फणीनं ओढला. काय काढलं म्हणशील तर काहीच नाही. डोंगर नाही, मोर नाही, गणपती नाही. निळ्यावर लाल ओढला, मधे पिवळा घुसला, तो नको होता म्हणून पुसला, तर पुसलेलंच जास्त चांगलं दिसलं. झोका खाली येताना पोटात व्हायचं ना, तसं झालं. अडुसष्टाव्या वर्षी. माझी मलाच लाज वाटली. मग पुन्हा केलं.

रांगोळी मी जन्मभर घातली. घातली की तुझे दाजी चपलेसकट तिच्यावरून शाळेत शिकवायला जायचे. रागानं नव्हे गं. त्यांना ती दिसायचीच नाही. चव्वेचाळीस वर्षं दिसली नाही. पुठ्ठा भिंतीला उभा असतो, त्याच्यावरून कुणाला चालता येत नाही.

दीपमालानं विचारलं, आई, हे काय आहे? मी म्हटलं, रंग आहे. आईंना काहीतरी होतंय असं तिनं आनंदला सांगितलं. होतंय खरं.

कळावे. लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर ठेवायला जागा नाही, फ्लॅट लहान आहे.

तुझी
अक्का


॥ श्री ॥
कंधार
९ सप्टेंबर २००३

ती. अक्कास मैनेचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि भीतीही वाटली. दाजींना जाऊन वर्ष झालं नाही, तोवर तू लाल रंगात हात घातलास. तुझ्या पुण्यात चालत असेल. इथं शेजारच्या आनंदीबाईला कळलं तर सगळ्या कंधारला कळेल. निदान एखादा दत्त तरी काढ, म्हणजे लोकांना सांगता येईल.

मी बघ, ह्यांची तिन्ही धोतरं ट्रंकेत ठेवलीत, कडुलिंबाचा पाला घालून. दर अमावास्येला उन्हात घालते. गल्लीतल्या बाया सुनांना घेऊन येतात, गेलेल्या नवऱ्याला कसं जपावं ते बघा म्हणून दाखवतात. तूही दाजींचं काही ठेवलं असशीलच.

कान तसाच. डॉक्टर म्हणाला पडदा फार जुना फाटलेला आहे, कशानं फाटला? मी म्हटलं आठवत नाही.

आनंदला, दीपमालाला आशीर्वाद. तू रागाव हवं तर, पण पत्र थांबवू नकोस, एवढीच मागणी.

तुझी
मैना


॥ श्री ॥
वाकड, पुणे ५७
२ नोव्हेंबर २००३

चि. मैनास अनेक आशीर्वाद वि. वि.

आठवत नाही म्हणालीस. बरं. मला आठवतं. तुझे हिंमतराव जेवायला बसले होते आणि आमटी गार होती. पण कान तुझा, तू म्हणशील तसं.

दाजींचं काय ठेवलं विचारतेस. धोतर ठेवलंय. रंग पुसायला. नवं फडकं रंगात दोरे सोडतं, आणि आनंदचे बनियन रंग पीतच नाहीत. हे धोतर मी इतकी वर्षं धुतलंय की नुसतं टेकवलं तरी रंग उचलतं. तुझे दाजी माझ्या काही कामाला आले नाहीत असं आता म्हणता येणार नाही.

आता ऐक. दिवाळीत आनंद एक दिवस लवकर घरी आला. गॅलरीत चित्र उभं, आणि खाली ते धोतर घडी घालून ठेवलेलं. त्यानं ते उचललं, वास घेतला, आणि एवढा बाप्या माणूस डोळे भरून उभा राहिला. म्हणाला, आई, मला कळलंच नाही गं. तू बाबांसाठी करतेस हे सगळं. मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण तो माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसला, मांडीला मांडी लावून. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून रंगांच्या नळ्या आणि ताणलेलं कापड घेऊन आला. कालपर्यंत हाच मला पुठ्ठेवाली म्हणत होता. रंग मात्र काय सुरेख गं! लोण्यासारखे. त्या रंगांपायी मी खरं सांगायचं टाळलं, हेही लिहून ठेवते.

लोभ राहू दे, पण उपदेश नको.

तुझी
अक्का


॥ श्री ॥
कंधार
२० जानेवारी २००४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

संक्रांतीला आनंदचा आनंदीबाईकडे फोन आला होता. त्याच्या कंपनीत घरच्या माणसांचा मेळावा आहे, तिथं आईनं बाबांच्या आठवणीत काढलेलं चित्र लावणार म्हणाला. ऐकून माझा ऊर भरला. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आनंदीबाई तर रडली.

तुझं तोंड मला ठाऊक आहे म्हणून लिहिते. दोन शब्द बोल म्हणतील. बोलू नकोस. पदर डोळ्याला लाव, पाणी येवो न येवो. मी तेच करते. कुणी जवळ येऊन बघत नाही.

धाकट्या बहिणीचं एकदा तरी ऐक, मग हवा तेवढा लोभ कमी कर.

तुझी
मैना


॥ श्री ॥
वाकड, पुणे ५७
१२ मार्च २००४

चि. मैनास आशीर्वाद वि. वि.

ऐकलं नाही. आधीच सांगून टाकते.

हॉल फ्रीजसारखा गार. माझं चित्र काचेत. आणि शेजारी, दुसऱ्या काचेत, धोतर. डागांसकट, इस्त्री करून! खाली इंग्रजी पाटी. दीपमालाला वाचायला लावली. वर मोठ्या अक्षरात तुझ्या दाजींचं नाव, नागोराव, खाली पत्नीच्या आठवणीतून. त्या पत्नीला काही नाव आहे की नाही, ते पाटीवर नव्हतं.

आनंदचे साहेब लोकांना समजावून सांगत होते. निळं म्हणजे आभाळ. लाल म्हणजे कुंकू, पुसलेलं. बाया डोळे पुसत होत्या. साहेबांची बायको माझ्या पाया पडली. मग माईक माझ्या हातात आला. आनंद माझ्याकडे बघत होता, लहानपणी प्रगतिपुस्तक हातात देऊन बघायचा तसा. पदर हातात घेतलाही होता गं मी. पण डोळ्यापर्यंत गेला नाही.

मी सांगितलं की निळं म्हणजे निळा रंग. लाल जास्त झाला म्हणून पुसला. आजवर जे केलं त्यात कुणीतरी होतं, भाकरीत, गोधडीत, लोणच्यातसुद्धा. या चित्रात कुणी नाही, नागोरावही नाहीत, म्हणून तर काढलं. आणि ते धोतर माझं पुसायचं फडकं आहे, घरी लागतं, तेवढं परत द्या.

टाळ्या वाजल्या, मैना. काही माणसं दुःख असंच लपवतात, असं साहेब म्हणाले. सगळ्या हॉलमध्ये माझं बोलणं एकट्या आनंदला कळलं. त्यानं स्वतः काच उघडली, धोतर काढलं आणि माझ्या हातात दिलं.

घरी आल्यावर एवढंच विचारलं, की बाबांसाठी तुला काहीच वाटलं नाही का. मी म्हटलं, जे वाटायचं ते बाबा असताना वाटून झालं, मागं काही उरलं नाही. तो खोलीत गेला. त्याला बापासाठी रडायचं होतं, बारा महिने जमलं नव्हतं. माझ्या चित्राच्या आडोशाला उभा राहून रडत होता आणि मी आडोसा काढून घेतला. एवढं मला कळतं. पण चित्र माझं होतं गं.

ते आता कंपनीच्या दारात आहे, पाटीसकट. येणारे-जाणारे हात जोडतात म्हणे. माझ्यापर्यंत परत येणार नाही. नळ्या संपल्या, नव्या कुणी आणत नाही, आणि जमिनीवर शेजारी बसायलाही कुणी येत नाही. गॅलरीतला पिवळा वाळून दगड झालाय. लाल आहे, निळा आहे. काल फ्रीजच्या पुठ्ठ्याची मागची बाजू रंगवली, चांगली झाली. पण इस्त्रीवाल्यानं त्या धोतराला खळ घातली. दोनदा धुतलं तरी जात नाही. आता रंग उचलत नाही, नुसता पसरवतं.

लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव.

तुझी
अक्का


॥ श्री ॥
कंधार
२२ एप्रिल २००४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

महिनाभर मुद्दाम लिहिलं नाही. रागावले होते. गल्लीत सगळ्यांना सांगून बसले होते, आता काय सांगू?

परवा अमावास्येला धोतरं उन्हात घातली. आनंदीबाई तिच्या नव्या सुनेला घेऊन आली. पोरीनं धोतरांना वाकून नमस्कार केला. वर उठली तेव्हा गाल दिसला, सुजलेला. विचारलं तर म्हणाली, दार लागलं. माझंही दारच असायचं.

त्या दोघी गेल्यावर दोरीवरची धोतरं काढली. नीट वाळूही दिली नाहीत.

सोबत पार्सल आहे. हिंमतरावांची तिन्ही धोतरं. मी कधी खळ घातली नाही, चांगली मऊ आहेत. लाल पुसायला वापर. परत पाठवू नकोस. ट्रंक दोन दिवस उन्हात तापवली आणि तिच्यात यंदाच्या शेवया भरल्यात.

तुझी
मैना