एका टाचणीतली दोन बिलं

प्रिय दादा,

तुला जाऊन दोन वर्षं होत आली. आज लिहायला बसलो, कारण घरमालकाने भाडं वाढवल्यामुळे आम्ही आखातातला, अल मनखूलचा हा फ्लॅट सोडतोय, आणि तुझी बॅग आवरताना कॅलिफोर्नियातल्या तुझ्या घराच्या घरपट्टीची दोन बिलं सापडली. एकाच टाचणीत लावलेली. एकावर तुझं नाव, दुसऱ्यावर माझं. दुसऱ्यातला आकडा पहिल्याच्या सहापट.

आठवतं, एका सुट्टीत याच हॉलमध्ये किती ऐटीत सांगितलं होतंस? "आम्ही मतं देऊन राज्याच्या घटनेतच घालून घेतलंय. घरपट्टी दरसाल चिमूटभरच वाढणार." माझा रोहन म्हणाला, "काका, can we vote here?" मी हसलो, "इथे मालक सांगेल ते भाडं, खलास." तू हसला नाहीस. म्हणालास, "त्या मतासाठी मी रजा टाकून रांगेत उभा होतो."

मग वहिनी गेली. तुला मूलबाळ नाही, म्हणून मी फोनवर मागेच लागलो, "घर आत्ताच माझ्या नावावर कर, मागाहून कोर्टकचेऱ्या नकोत." आपल्याकडे करतातच की असं. राहणार तूच होतास. तू म्हणालास, "जरा चौकशी करू दे." तर मी चिडून विचारलं, "सख्ख्या भावावर विश्वास नाही का?"

दुसऱ्याच आठवड्यात तू सही केलीस.

मालक बदलला की ती मर्यादा उठते आणि चालू भावाने नवी आकारणी होते, हे दुसऱ्या बिलामागे बारीक अक्षरांत छापलंय. तुझ्या पेन्शनला ती झेपणार नव्हती. का नाही बोललास रे? "रिकामं घर खायला उठतं," एवढंच सांगून तू विक्रीचे कागद पाठवलेस आणि मी ऑफिसात उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. मग तू आमच्या आतल्या खोलीत राहायला आलास आणि तिथेच गेलास.

पुण्यात मात्र मी सगळ्यांना सांगत सुटलो, दादाला घर टिकवता आलं नाही. एकदा तुझ्यादेखत बोललो. तू पेपर उघडलास. मला स्वतःची किळस येते.

पुढच्या महिन्यात तुझ्या श्राद्धाला सगळे पुण्यात जमतील. पानं वाढण्याआधी ही दोन्ही बिलं सर्वांसमोर ठेवीन आणि सांगेन, घर दादाने नाही घालवलं, मी घालवलं.

तुझा धाकटा,
सुधीर