गुरुजींचं घर पाचशे फुटांनी आकसलं त्याची हकीकत

ती. नागेशमामांस सिद्धोधनचा सविनय जय भीम.

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता टेपचं दुसरं टोक रेणुकानं धरलं आणि त्या क्षणापासून मी कामातून गेलो, हे आधी कळवतो. तुमचा गुडघा कसा आहे? (त्याला तेल लावा. प्रेमाला काय लावावं ते उलट टपाली कळवा.)

कॉलेज सोडल्यावर बाबा 'काहीतरी कर' म्हणायचे, ते करायलोय : घरपट्टीची फेरआकारणी. घरोघरी टेप लावायचा, फॉर्मवर माप आणि बांधकाम लिहायचं. घर जेवढं मोठं अन् पक्कं, तेवढी पट्टी जास्त, त्यात यंदा दरही वाढलेला. पंडित गुरुजींचं घर (पाढ्यांपायी तुम्हाला उठाबशा काढायला लावणारे तेच) भरलं अकराशे चाळीस फूट, वर स्लॅब. पण त्यांची लेक रेणुका म्हणाली, "पट्टी लय वाढंल का हो?" त्या 'हो'नं माझा हात घसरला. लिहिलं सहाशे चाळीस, पत्रे. मग पक्षपात दिसू नये म्हणून आमचं घर इमानदारीनं मोजलं : जिन्याखालचा कोनाडा, गाडीवरचा पत्रा, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. नऊशेची पट्टी सत्तावीसशे झाली. बाबा ओरडले, "पोरगं कामाला लागलं म्हणून पेढे वाटले, ते बापालाच पट्टी लावायलंय!"

इकडं पालिकेच्या भिंतीवर घरांच्या मापांची यादी लागली. रेणुकाला पाहायला मानवतचं स्थळ येणार होतं (मला कुणी सांगितलंच नव्हतं!). मुलाच्या काकानं चहाआधी यादी वाचली, गुरुजींचं स्लॅबचं घर कागदावर पत्र्याचं निघालं आणि पाहुणे बसस्टँडवरूनच परत फिरले. मी टेप गळ्यात घालून नाचलो.

पण गुरुजी! हरकतींच्या रांगेत दोनशे माणसं पट्टी कमी करा म्हणून उभी, अन् यांचा एकट्याचा अर्ज : घर कमी दाखवलंय, पट्टी वाढवून द्या. पालिकेच्या बाबूनं चष्मा पुसून दोनदा वाचला. "चाळीस वर्षं पोरांची गणितं तपासली," गुरुजी म्हणाले, "माझ्याच घराचं चुकू देऊ व्हय?" मी तिथंच टेबलावर हात आपटला, "माझं माप चुकतच नाही!" (डोकं तापलं की तोंड आधी पळतं, कॉलेज असंच सुटलं.) म्हणून आज चार वाजता सगळ्यांसमोर फेरमोजणी. नोकरी जाणार. तेवढं बाबांना समजवा, दुसरं काही मागणं नाही.

तुमचा भाचा,
सिद्धोधन

ता. क. : बाबांचं राहू द्या. ते खुराड्याच्या हरकतीचा अर्ज लिहिण्यात गुंतलेत.

आणखी ता. क. : आत्ता फॉर्मची प्रत पाहिली. खाली 'माप वाचले, मान्य आहे' आणि सही रेणुकाची! मामा, ती गणितात एम.एस्सी. करतेय. अकराशे चाळीस तिनंच मोठ्यानं मोजून दिले होते. मानवतचे पाहुणे येणार हेही तिला ठाऊक होतं. तेव्हा पत्र मिळताच पहिल्या गाडीनं पूर्ण्याहून निघा, सोयरीक विचारायची आहे. येताना एकोणीसचा पाढा पाठ करा, गुरुजी विसरलेले नाहीत.

पावणेचार झाले. लबाडी माझ्या एकट्याची, असंच सांगणार. सहीचं नावसुद्धा काढणार नाही. टेप घेतला. चप्पल सापडेना, बाबांची घातली. पाकीट चिकटवतो, दार ओढून घेतो, निघालो.