ऋतुजाची समजूत

अर्धापूर, दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. ताराअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तू कट करतेस, म्हणून पत्र. आमची ऋतुजा तुझ्याकडं राहून नांदेड-लातूर एसटी चालवून राहिली, हे औशाच्या पाहुण्यांना कळलं. त्यांचा निरोप आला, की पोरगी पसंत हाय, पण सून स्टेअरिंगवर नको. असं स्थळ लई नशिबानं येतं. तू बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंस, तुझ्या जिभेला धार आहे. तिची समजूत घाल. राजीनामा मीच लिहून सोबत जोडलाय, फक्त सही घे. इकडं केळीची कापणी चालू, मला निघता येत नाही.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून बसलेला,
भागवत

लातूर, दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. भागवतास,
अ. उ. आ.

राजीनामा पोचला. नोकरी तिची, सही मी घ्यायची आणि मजकूर तुझा. वा रे बहाद्दर!

समजूत घालतात ती रडणाऱ्याची. ऋतुजा पहाटे शीळ घालत डेपोला जाते. तिची काय घालू? रडतोयस तू. मनधरणी करतात ती रुसलेल्याची, ती तुझी आम्ही भरतीच्या वेळीच करून दमलो. तुला करायचंय ते पटवणं, आणि त्याची रीत निराळी. त्यात स्वतः हरायची तयारी ठेवून समोर बसावं लागतं. तू तर चार महिन्यांत तिची गाडीसुद्धा पाहिली नाहीस. शनिवारी नांदेडहून अकराची गाडी तिची. बस, आणि लातूरपर्यंत पटवून दाखव. तिनं मानलं तर सही मी घेते, शब्द माझा.

राग पोटभर धर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी अक्का

अर्धापूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न.

शनिवारी बसलो. सगळं बोलणं पाठ करून आलो होतो, तर तिच्या डोक्यावरच पाटी, की गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. तू हे जाणूनच धाडलंस!

लोह्यापर्यंत मी जागेवरूनच पायानं ब्रेक दाबत होतो. पुढं उसाची ट्रॉली एकदम आडवी आली. पोरीनं गाडी अशी अलगद आवरली, की शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जागं झालं न्हाई. मला ट्रॅक्टर असा आवरत नाही.

अहमदपूरला एक म्हातारी पायरीवरच थबकली. म्हणे, पोरगी चालवणार असंल तर मी मागच्या गाडीनं येते. कंडक्टरनं समजावलं, लोक हसले, पण ती हलंना. मग मीच उठलो, तिचं बोचकं उचललं आणि म्हणालो, की मावशे, नांदेडपासून बसलोय, माझ्याएवढं भित्रं माणूस या गाडीत न्हाई, तरी बघ धडधाकट हाय. तिनं विचारलं, की तू कोण रे हिची वकिली करणारा. अक्का, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, की बाप हाय मी तिचा.

म्हातारी बसली, तीही थेट पुढच्या सीटवर. ऋतुजानं मागं वळून पाहिलं नाही, पण कान लाल झालेले मला दिसले.

औशाला कळवलंय, की पोरगी गाडी सोडणार नाही. नवऱ्या मुलाला घेऊन एकदा तिच्या गाडीत बसा, मग बोलू.

टोमणे मारत राहा, पण तुझ्या लोभात आमची जागा रुमाल टाकून धरून ठेव.
तुझा,
भागवत