त्या बाणात तुम्ही होतात

अण्णा, आज विद्यापीठात तुमचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. मी लातूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते हे तुम्हाला ठाऊक होतं, पण नक्की काय शिकवते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. कुणी भेटलं की सांगायचात, "पोरगी कॉम्प्युटरची मास्तरीण हाय," आणि समोरचा पुढं काही विचारायच्या आत मिशीवर हात फिरवून विषय बदलायचात. तर आज सांगते. मी माहिती प्रणाली शिकवते. एखाद्या कचेरीत, दवाखान्यात, दुकानात माहिती कुठून येते, कुणाच्या हातातून जाते, कुठं साठते आणि हवी तेव्हा कशी सापडते, हे आधी कागदावर मांडायचं आणि मग कॉम्प्युटरवर बसवायचं. तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. देगलूरच्या तहसील कचेरीत तुम्ही एकतीस वर्षं तेच केलंत, फक्त त्याची पदवी मला मिळाली.

तुमची रेकॉर्ड रूम मी लहानपणापासून बघत आले. मागच्या अंगाची लांबोळकी खोली, छपराला टेकलेले लोखंडी रॅक, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे आणि डांबरगोळ्यांचा वास. तुमचं पद शिपायाचं. साहेबांना पाणी द्यायचं, घंटी वाजली की उठायचं, आणि जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल मागायला कुणी आलं की गठ्ठा काढून द्यायचा. तो गठ्ठा बाकी कुणाला सापडायचा नाही, तुम्हाला सापडायचा. निजामाच्या काळातले उर्दू कागदसुद्धा तुम्ही वाचायचात. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या मुन्शीजींनी रोज जेवणाच्या सुट्टीत बसवून तुम्हाला, सातवी पास माणसाला, अलिफ-बे शिकवलं होतं. विहारात जमणाऱ्या मंडळींत पेपर वाचणारे पुष्कळ, पण उर्दू वाचणारे तुम्ही एकटे, आणि त्याचा तोरा तुम्ही अजिबात लपवायचा नाहीत. बाजारात प्रत्येक उर्दू पाटीपुढं थांबून मोठ्यानं वाचायचात. आई वैतागायची, "बास झालं की आता. भाजी घ्यायची हाय का पाट्याच वाचायच्या हायत?"

नांदेडला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता. वर्गातल्या बाकीच्यांनी ग्रंथालय, हॉस्टेल, मेडिकलचं दुकान असे ठरलेले विषय घेतले. मी तुमची रेकॉर्ड रूम घेतली. दिवाळीच्या आधी घरी आले, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रीतसर साहेबांना भेटले, हेडक्लार्कना भेटले, दोघांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यावरून माहिती कशी फिरते त्याची आकृती काढली. तुम्ही रोज माझ्यासमोर ताट घेऊन बसत होतात, आणि तुम्हाला मी एका शब्दानं काही विचारलं नाही. आकृती तुम्हाला दाखवली तीही खरं सांगायचं तर मिरवायला. मोठा चार्ट पेपर, रंगीत स्केचपेन, चौकोन, गोल. तुम्ही चष्मा लावून तो जमिनीवर पसरलात आणि गुडघ्यांवर बसून बघत राहिलात.

"काय काढायलीस हे?"

"तुमची कचेरी, अण्णा. हा चौकोन म्हणजे अर्ज करणारा. हे हेडक्लार्क, हे साहेब. आणि ह्या दोन रेघा म्हणजे रेकॉर्ड."

"आन ह्यो बाण?"

"क्लार्ककडं अर्ज आला की रेकॉर्ड येतं."

"कसं येतं?"

मी त्याच बाणावरून पुन्हा स्केचपेन फिरवलं. तुम्ही बाणावर बोट ठेवलंत. "ह्या बाणात मी हाय का?"

मला राग आला, अण्णा. चोरी पकडली गेली की येतो तसला राग. मी फणकाऱ्यानं म्हणाले, ह्यात माणसं काढत नाहीत, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही. तुम्ही शांतपणे विचारलंत, "मंग साहेब कसा काय काढलास?" चुलीपाशी आई हसली. आणि मग तुम्ही जे बोललात ते माझ्या सगळ्या प्राध्यापकांनी मिळून शिकवलं नव्हतं. "मला इचारल्याबिगर माझं काम लिवलंस तू. बरं, सांग, कागद मागायला आलेला माणूस आल्या आल्या काय म्हणतो?" मी म्हणाले, गाव सांगतो, सर्वे नंबर सांगतो, वर्ष सांगतो. "नंबर ठाऊक असल्यावर त्यो माझ्यापाशी कशाला थांबंल गं? उद्या चल संगं."

सुट्टीचे उरलेले आठ दिवस मी त्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून काढले. ती म्हातारी मला अजून दिसते. कर्नाटकाच्या बाजूच्या गावाची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी, सासऱ्याच्या नावचा कागद शोधत आलेली. तिला नंबर माहीत नाही, वर्ष माहीत नाही. एवढंच सांगते की घरात त्या शेताला जोडविहिरीचं वावर म्हणतात. तुम्ही तिला पाणी देता आणि विचारता, "उगवतीला कुणाचं हाय, माय? मावळतीला? वढ्याच्या अंगाला कोण?" आणि ती घडाघडा चार नावं सांगते, वर त्यातल्या एकाला शिव्या घालते. त्या चारांतल्या एकाचा गठ्ठा तुमच्या ओळखीचा. तुम्ही तो काढता. जुन्या कागदावर चारी बाजूंना कुणाची जमीन आहे ते लिहिलेलं असतं, त्यात तिच्या सासऱ्याच्या नावापुढं शेताचा नंबर निघतो, आणि त्या नंबरावरून तिचा कागद. अर्धा तासही लागला नाही. ती गेल्यावर फडक्याची गाठ मारता मारता म्हणालात, "सोताचा नंबर लोकं इसरतेत. शेजारी न्हाई इसरत. भांडण त्याच्याशीच असतंय ना."

मी चार्ट पेपर फाडला आणि नव्यानं मांडणी केली. शेताचं घरगुती नाव, चार दिशांचे चार शेजारी, आणि एका शेजाऱ्यावरून दुसऱ्यापर्यंत जाणारा शोध. नांदेडच्या लॅबमध्ये तो पहिल्यांदा नीट चालला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तुम्ही किरकोळ रजा टाकून आलात. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. लॅबच्या बाहेर व्हरांड्यात, उघड्या खिडकीखालच्या बाकावर बसलात. बाहेरून आलेले परीक्षक शेजाऱ्यावरून शोधायच्या भागापाशी थांबले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणाले, पुस्तकात नाही सर. "मग सुचलं कुणाला?" तुमच्यात आणि माझ्यात एक भिंत होती आणि तिची खिडकी उघडी होती. मी म्हणाले, "तिथल्या एका साहेबांनी सांगितलं." त्यांनी मान डोलावली. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले. परतताना नरसीला गाडी थांबली, तुम्ही दोन चहा आणलेत आणि माझ्या हातात कप देताना म्हणालात, "साहेबानं सांगितलं म्हणलीस ते बरं केलंस. शिपायाचं नाव घेतलं असतंस तर मार्क कमी पडले असते." तुमच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच मला सहन झालं नाही. मी खाली मान घालून चहा प्याले.

त्यानंतर मी शिकवायला लागले तेव्हापासून माझ्या वर्गाचा एक नियम आहे. पहिला चौकोन काढायच्या आधी पोरांनी आठ दिवस बसून यायचं. साहेबाजवळ नाही, ज्याच्या हातून काम होतं त्याच्याजवळ. आणि प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर, गाईडच्याही वर, त्या माणसाचं नाव लिहायचं. पोरं कुरकुरतात, मग जातात. लातूरजवळच्या मुरुडची एक मुलगी एका दवाखान्यात केसपेपर देणाऱ्या मावशींजवळ जाऊन बसली. तिला कळलं की मावशी आलेल्या प्रत्येक बाईला माहेरचं नाव आधी विचारतात, कारण पहिल्या बाळंतपणाचे कागद माहेरच्या नावावर असतात आणि सासरच्या नावानं शोधलं तर ती बाई दवाखान्यात कधी आलीच नाही असं दिसतं. ते ऐकून मला वर्गातच भरून आलं. मी सरळ सांगितलं, माझे वडील असते तर त्यांनी तुला चहा पाजला असता.

आज नांदेडला अभ्यास मंडळाची बैठक होती. हा नियम सगळ्या कॉलेजांच्या अभ्यासक्रमात घालावा म्हणून मी ठराव मांडला होता. समोरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक हसून म्हणाले, "म्हणजे मॅडम, आता शिपायाला विचारून सॉफ्टवेअर करायचं म्हणा की!" सगळे हसले. मी उभी राहिले. माझे वडील शिपाई होते असं सांगितलं. मग बाण सांगितला, म्हातारी सांगितली, चार शेजारी सांगितले, आणि त्या परीक्षेत मी कुणाचं नाव खाल्लं तेही सांगितलं. हसणारे सर शेवटी हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होते. ठराव मंजूर झाला. जूनपासून नांदेडपासून लातूरपर्यंत जो कुणी हा विषय शिकेल त्याला आधी तुमच्यासारख्या कुणाच्या तरी शेजारी स्टूल टाकून बसावं लागेल. अण्णा, मला आज इतका अभिमान वाटतोय की बसमध्ये शेजारच्या बाईला सगळं सांगून टाकावंसं वाटतंय. गाडी अहमदपूरला थांबली आहे, ऊन अजून आहे, आणि मी हे विद्यापीठाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा खरं ते सांगून टाकते. वर लिहिलंय तसं सरळ मी बोलले नाही. "माझे वडील" म्हणून थांबले, आणि पहिल्यांदा तोंडातून निघालं ते "रेकॉर्ड विभागात होते." सगळ्यांनी आदरानं माना डोलावल्या. तेवढ्यावर भागलंही असतं. मग मी म्हणाले, "शिपाई होते."