कापलेले पंधरा गुण

४ मार्च

परीक्षा रद्द! पुढे ढकलली नाही, सरळ रद्द. सकाळच्या बातम्यांत हवामानाच्या आधी सांगून मोकळे झाले. जिन्यात पोरांनी अशी आरोळी ठोकली की खिडकीच्या काचांवरच्या चिकटपट्ट्या थरथरल्या. गेल्या महिन्यात नदीपलीकडून पहिला गोळा पडला तेव्हाही इतक्या थरथरल्या नव्हत्या.

खालच्या मजल्यावरून ताईचा आवाज – "अरे, मग मार्क कोण देणार? तोफखाना?"

आमच्या घरात जीभ वाटली गेली तेव्हा थोरला वाटा ताईने उचलला. उरलेल्या तुकड्यावर मी शाळेत भाषा शिकवून पोट भरतो.

भाची मात्र त्या आरोळीत नव्हती. गणिताची वही मिटून बाजूला ठेवली आणि पेन्सिलीला टोक काढत बसली. ज्या पेन्सिलीने आता काहीच लिहायचं नाही, तिला!

७ मार्च

शिक्षकांची सभा मुख्याध्यापकांच्या जेवणघरात. शाळेत सध्या बेघर झालेली कुटुंबं राहतात. माझ्या वर्गात तीन, प्रयोगशाळेत पाच.

मुख्याध्यापकांना आम्ही पाठीमागे 'परिपत्रक' म्हणतो. तोंडावर म्हटलं तरी चालेल, त्यांना सन्मानच वाटेल. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं – अंतिम परीक्षेऐवजी पूर्वपरीक्षेचे गुण धरावेत.

आम्ही सगळे आपापल्या कपात बघायला लागलो.

कारण आमच्या शाळेची रीत! पूर्वपरीक्षा आवळून तपासायची. शंभरातले पंधरा तरी कापायचे. पोरं घाबरतात, शेवटचे दोन महिने मान मोडून अभ्यास करतात आणि अंतिम परीक्षेत शाळेचं नाव राखतात. बरीच वर्षं हे छान चाललं होतं. आता ती भीतीच निकाल म्हणून छापली जाणार.

"परीक्षा मंडळाला खरं कळवू या," मी म्हणालो.

"काय कळवायचं? आम्ही दरवर्षी खोटे गुण देतो?" परिपत्रकांच्या तोंडचं पाणी पळालं. "शाळेची अब्रू आहे काही!"

शाळेच्या छपराला भोक आहे. अब्रू शाबूत आहे.

गणिताच्या बाई वहीत काहीतरी टिपत होत्या. पोरं त्यांना कात्रीबाई म्हणतात. आम्ही पंधरा कापतो, त्या पंधरा कापून वर धार तपासतात.

आणि सगळ्या विषयांचे गुण एकत्र करून मंडळाला पाठवायचं काम कोणाला? भाषेच्या सरांना. अक्षर चांगलं आहे म्हणून. लहानपणी अक्षर गिरवायला लावणाऱ्या ताईचा आज पहिल्यांदा राग आला.

८ मार्च

भाचीला गणितात एक्काहत्तर. 'अ' श्रेणीला ऐंशी लागतात. तिकडे दूर, जिथे गोळे पोचत नाहीत, तिथल्या तंत्र महाविद्यालयाने आमच्या भागातल्या मुलांसाठी जागा ठेवल्यात. वसतिगृह आहे, न्यायला बसही येणार. अट एकच – गणितात 'अ'.

म्हणजे 'अ' मिळाला तर गोळे पडले की तळघरात लपण्यातून पोरगी सुटते. नाही मिळाला तर इथेच.

ताई जेवताना वर आली आणि उभ्यानेच सुरू झाली. "एक आकडा तर बदलायचा. हात झडणार आहे का तुझा?"

"ताई, ते मंडळाकडे जातं."

"जाऊ दे की! मंडळ काय मोजायला येणारे? तू तिचा मामा आहेस की त्या परिपत्रकाचा जावई?"

भाची ताटातच बघत होती. "आई, पुरे ना."

"तू गप गं. तुझ्याचसाठी घसा कोरडा करतेय."

मी आकडा बदलला नाही. तत्त्व वगैरे काही नाही. भित्रा आहे मी. बायको हॉस्पिटलातून आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुम्हाला खाडाखोड करताना घाम फुटतो, शाई पसरेल." परिचारिका आहे, निदान अचूक करते.

१० मार्च

दिवसभर गोळे. पाणी नाही. लिहिण्यासारखं काही नाही – हे लिहिलं.

१२ मार्च

पाण्याच्या टँकरच्या रांगेत कात्रीबाई पुढे उभ्या. दोन्ही हातांत बादल्या, काखेत खडूचा डबा. खडू कशाला, विचारलं.

"घरी ठेवला तर नातू खातो."

थोडा वेळ रांग सरकली. मग त्याच म्हणाल्या, "सर, तुमच्या भाचीचं सांगायला आला असाल तर सांगू नका."

"मी पाण्याला आलोय."

"मग ठीक. एकीचे वाढवणार नाही मी. वाढले तर सगळ्यांचे, आणि तेही पोरांनी करून दाखवल्यावर." बादली नळाखाली सरकवली. "तोंडी परीक्षा घ्या म्हणून मंडळाला लिहिलंय. परवाच. माझ्या सहीने. पूर्वपरीक्षा आवळून तपासली हेही लिहिलंय."

"परिपत्रकांना माहीत आहे?"

"उत्तर आलं की कळेल. उत्तर आलं की ते परिपत्रकच असेल, मग आवडेल त्यांना."

या बाईला मी इतकी वर्षं नुसती कात्री समजत होतो!

१६ मार्च

आलं उत्तर. विषयशिक्षक आणि शाळेतला आणखी एक शिक्षक मिळून जागेवर तोंडी परीक्षा घेऊ शकतात. परिपत्रक आधी संतापले, मग शिक्का पाहून विरघळले. दुसरे परीक्षक म्हणून स्वतःच निघालेत.

दोघं दारोदार फिरतायत. एका पोराची परीक्षा बेकरीच्या रांगेत झाली. रांगेतल्या लोकांनी त्याला उत्तरं सुचवली, सगळी चुकीची. एकाची प्रयोगशाळेत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. तिथल्या एका आजींनी परिपत्रकांना सुनावलं, "पोराला घाम फुटलाय, जरा हसून विचारा की!" परिपत्रक हसले म्हणे. त्याने पोरगा आणखी घाबरला.

परीक्षेआधी कात्रीबाई प्रत्येकाला कबूल करतात, मी पंधरा कापले होते. त्यावर बेकरीतलं पोरगं काय म्हणालं? "माहितीये बाई. बाबा घरी पंधरा मिळवूनच ओरडतात."

गावाला माहीत होतं! फक्त मंडळाला नव्हतं.

१९ मार्च

आज भाचीची. खालच्या जिन्यात, वीजमीटरच्या कपाटाच्या पत्र्याच्या दारावर खडूने. नातेवाइकाने परीक्षेच्या खोलीत थांबू नये असा नियम आहे. जिना म्हणजे खोली नव्हे, असं मी मनाशी ठरवलं आणि वरच्या वळणावर थांबलो. ताई आपल्या दारात वाटाणे सोलत बसली होती. आज तोंडातून चकार शब्द नाही. देवा, म्हटलं, हिलाही भीती वाटते तर!

तीन गणितं. भाचीने तिन्ही सोडवली, स्वच्छ अक्षरात. तिन्ही चूक!

शेवटच्यात तर कुंपणाची लांबी उणे आली. आणि तिने तिच्याखाली दोन रेघा मारल्या. उणे लांबीचं कुंपण! ही पोरगी किराण्याचा हिशेबसुद्धा उलटा करून ताडून बघते.

परिपत्रकांनी मान हलवली. "वाईट वाटतं, पण..."

कात्रीबाईंनी पत्र्यावरची गणितं पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "सर, मी वर्गात दरवर्षी तीन चुका शिकवते. अशा करू नका म्हणून. हिने तिन्ही केल्या. त्याच क्रमाने."

"म्हणजे?"

"म्हणजे पोरगी एकही तास चुकलेली नाही." भाचीकडे वळल्या. "का गं?"

भाचीच्या हातातला खडू मोडला. "आई एकटी पडेल, बाई. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत."

वाटाण्यांचा आवाज थांबला होता.

"ते तुझं तू ठरव," कात्रीबाई म्हणाल्या. "जा, नको जाऊ. पण न जाण्यासाठी माझं गणित वापरायचं नाही. 'अ' तुझा आहे, तो मी देणार."

"अहो पण उत्तरं चुकलीयत!" परिपत्रक.

"विषय येतो की नाही ते बघायचंय ना? येतो. इतकं नेमकं चुकायला सगळं यावं लागतं."

परिपत्रकांनी खिशातून कागद काढला. जिन्यातल्या उजेडाला धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा. घसा खाकरला. "उत्तर बरोबर असावे, असं यात कुठे म्हटलेलं नाही."

आणि सही केली! त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणणं आजपासून बंद. निदान या महिन्यापुरतं.

२० मार्च

ताईकडे गेलो. वाटलं, आज तरी शाबासकी देईल. ती भांडी घासत होती, पाणी नसताना, राखेने. "झालं ना तुझ्या मनासारखं?" एवढंच.

माझ्या मनासारखं! दोन आठवडे माझ्या डोक्यावर मिऱ्या कोणी वाटल्या?

२८ मार्च

यादी मंजूर. आमच्या शाळेतून नऊ जण बसमध्ये. भाची चार दिवस हो-नाही करत होती. काल ताईनेच बॅग काढून तिच्यापुढे आपटली. "तोंड काय बघतेस माझं? स्वेटर खाली घाल, वर लागत नाही."

आज भाची वर आली. "मामा, मी जाऊ ना?"

मी काहीतरी विनोद करायला गेलो. जमला नाही. "जा," म्हणालो. "आईला मी आहे." ती दारापर्यंत गेली, परत आली. मग म्हणाली, "तिच्यावर चिडू नकोस हं कधी."

हे ताईला सांगायला हवं होतं, मला नाही. चिडते ती.

२ एप्रिल

बस गेली. कात्रीबाई आल्या होत्या, प्रत्येक पोराला एकेक खडू दिला. परिपत्रकांनी हात हलवला, मग लगेच खाली घेतला. ताई बसच्या चालकाला दम देत होती – "हळू ने, पोरं आहेत, बटाटे नाहीत." बस वळल्यावरही तिचं चालूच होतं, रिकाम्या रस्त्याला.

३ एप्रिल

संध्याकाळी ताई आली. स्वयंपाकघरात पाटावर बसली. चहा दिला, घेतला नाही.

मग म्हणाली, "तुझ्याशी आकड्यासाठी भांडले, आणि परीक्षेत चुकव म्हणून मीच सांगितलं होतं तिला. जाऊ नको म्हणायला तोंड नव्हतं रे. 'अ' हुकला असता तर कोणाचाच दोष नव्हता."