शौकीच्या वाट्याचा कॅमेरा

लिहून ठेवणार मी, इन्साफ अब्दुर्रहीम बदरी, वय ७४, वग्दी हिलमी यांची विधवा, मुलींच्या शाळेतली निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार अरब मोहल्ला, पोर्ट सईद. गुडघे गेले आहेत, डोकं गेलेलं नाही. कोणी धाक घातला नाही, कोणी लाडीगोडीही लावली नाही. लावली असती तर चहा पिऊन परत पाठवलं असतं. माझ्या मागे माझ्या वस्तूंचं आणि काही माणसांचं काय करायचं, ते खाली लिहिते.

१. मला एकच मुलगी, माग्दा. मुलगा नाही. त्यामुळे शरीयतीप्रमाणे माझं जे काही उरेल त्यातलं निम्मं माग्दाचं आणि निम्मं माझा सख्खा भाऊ शौकी याचं. कायद्याशी माझं भांडण नाही. मरताना माझ्या नावावर काय उरलेलं असेल, एवढंच मी ठरवलं आहे.

२. राहतं घर मी नोंदणीकृत खरेदीखताने माग्दाला विकलं आहे. ही विक्री खरी आहे, दिखाऊ नाही. माझा भाऊ शौकी यास ती मान्य असून तिच्याविरुद्ध तो कधीही दावा लावणार नाही. खालची त्याची सही साक्षीपुरती नसून या कलमाच्या मान्यतेचीही आहे.

३. बांगड्या माग्दाकडे गेल्या. शिवणयंत्र शाळेला. बँकेत असेल त्याचा तिसरा हिस्सा सरकारी रुग्णालयातल्या यकृताच्या वॉर्डाला, तिथल्या खाटांवर धड चादरी नाहीत म्हणून. तांब्याचं मोठं पातेलं शौकीची बायको इनायात हिला. ते तिने माग्दाच्या बारशाला मागून नेलं होतं आणि अजून तिला ‘सापडत नाही’. आता ते तिचंच झालं, तिने शोधण्याचा त्रास घेऊ नये.

४. व्हिडिओ कॅमेरा, तिवई आणि पेटीसकट, शौकीला. संपूर्ण. यात माग्दाने निम्मा हिस्सा मागू नये.

या कलमाचं कारण लिहिणं भाग आहे.

माग्दाचं लग्न ठरलं तेव्हा वग्दीचं यकृत संपत आलं होतं. तो कालव्यावरच्या टगबोटीवर इंजिन सांभाळायचा, बोलायचा कमी. तो गेल्यावर त्याचा चेहरा आणि आवाज घरात राहावा म्हणून मला कॅमेरा हवा होता. बाईमाणसाला दुकानदार फसवतात, म्हणून शौकीला बरोबर नेलं. फसवायला दुकानदाराची गरज नव्हती.

मी तळहातात मावणारा कॅमेरा पसंत केला. वग्दी लाजाळू, मोठं धूड समोर आलं की त्याची वाचा बसायची. मी दुकानदाराला विचारलं, “हळू बोललेलं यात येतं का?” त्याने खांद्यावरचा मोठा कॅमेरा उचलला, शौकीकडे रोखला आणि दुकानातल्या टीव्हीवर दाखवला. शौकीने स्वतःला पडद्यावर पाहिलं आणि माझा भाऊ तिथेच कामातून गेला. मान वळवून दोन्ही बाजू पाहिल्या, मिशी सारखी केली.

“ताई, हाच घ्यायचा! तो एवढासा घेऊन गेलो तर लोक म्हणतील, नवऱ्याकडच्यांसाठी दाढीचं मशीन आणलं.”

“अरे, पण तुझे दाजी—”

“दाजींना काय कळतं यातलं?”

मोठाच घेतला. हो म्हणणारी मीच.

निकाहाच्या दिवशी शौकीने तिवई लावली आणि कॅमेरा सोफ्यावर रोखला. मुलीच्या बापाने जावयाचा हात हातात घ्यायचा, वर पांढरा रुमाल, आणि ‘माझी मुलगी तुला दिली’ हे म्हणायचं. वग्दीने ते शब्द न्हाणीघरात दार लावून घोकले होते. मी बाहेरून ऐकले होते. सोफ्याजवळ आल्यावर तो सवयीप्रमाणे शौकीला म्हणाला, “बसा ना तुम्ही. तुमचीच मुलगी.”

याला आम्ही नावाड्याचं आमंत्रण म्हणतो. होडी काठापासून लांब गेली की नावाडी ओरडतो, “या जेवायला!” काठावरच्याने छातीवर हात ठेवून “बरकत असो” म्हणायचं असतं. पाण्यात उडी टाकायची नसते. माझ्या भावाने टाकली. “मामा म्हणजे बापच!” म्हणाला, कॅमेऱ्याचं लाल बटण दाबलं आणि धावत जाऊन सोफ्यावर बसला. वग्दी चित्रात येऊ नये म्हणून वाकून कॅमेऱ्याच्या मागे गेला. भर बैठकीत दिलेला शब्द परत घेणं त्याला जमलं नाही, आणि बायकांच्या दारातून मला ओरडता आलं नाही.

माग्दा, तूही बोलली नाहीस. नवरीने बोलायचं नसतं हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

टेपवर शौकी आहे. शौकीची मिशी, शौकीचा हात, शौकीचं “माझी मुलगी तुला दिली”. वग्दी कुठेच नाही. मधे एकदा तो कॅमेऱ्यामागून खोकतो. चार दिवसांनी टेप बघताना शौकी म्हणाला, “ताई, तेवढा खोकला सोडला तर एकदम झकास झालीय. तेवढा पुसता येईल का?” वग्दी शेजारीच बसला होता. तो “माफ करा” म्हणाला. रमजान लागायच्या आत तो गेला. त्याच्यानंतर मी त्या खोकल्यासाठी टेप इतकी वाजवली की ती झिजली.

५. ती टेप माग्दाला. शौकीने मागितली तर देऊ नये, दाखवूही नये.

६. मला कबरीत उतरवताना शौकीचा हात लागू नये. तो हक्क जावई हाझिमचा. शोकाला आलेल्यांना भेटायला घरचे पुरुष उभे राहतात त्या रांगेत शौकीने पुढे उभं राहावं, त्याला ते आवडतं.

ठिकाण: पोर्ट सईद. दिनांक: १४ मार्च २००९.

लिहून ठेवणार: इन्साफ अब्दुर्रहीम बदरी

साक्षीदार:
१. सब्री मुतवल्ली, शेजारी. वाचून सही केली.
२. शौकी अब्दुर्रहीम बदरी, सख्खा भाऊ.

सह्या झाल्यावर वकील मुनीर यांच्या समक्ष वाढवलेला मजकूर: साक्षीला पुरुष हवा, असा निरोप धाडल्यावर शौकी सूट घालून आला. वकील म्हणाले, “आधी वाचून घ्या.” मीही म्हटलं, “वाच रे, चष्मा देऊ का माझा?”

“ताईच्या कागदावर संशय घेऊ? लोक काय म्हणतील!” असं म्हणून त्याने प्रत्येक पानावर सही केली, शेवटची जरा मोठी. मग पेनाचं टोपण लावून घरभर नजर फिरवली आणि विचारलं, “ताई, घराची एक किल्ली आतापासूनच माझ्याकडे ठेवू का?”

मी त्याला म्हटलं, “घरमालकिणीला विचार. ती स्वयंपाकघरात तुझ्यासाठी कॉफी करतेय.”