विहिरीचं कुलूप

अहो,

तुम्ही कचेरीत गेल्यावर माहे बाबा आले. वैनगंगेच्या पुरात घर गेलं, म्हणून लेकीकडे आले. इकडे नागपुरात पाऊसच नाही, हे त्यायले खरं वाटेना.

लेकीले लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही; मले लेकरू नाही, म्हणून बाबा आपल्या घरचं पीत नाहीत, हे तुम्हाले ठाऊक आहे. दरवेळी शेजारच्या वच्छलाबाई त्यायले तांब्या भरून देत. पण त्या भरतात आपल्याच विहिरीवर, अन् पाणी आटलं म्हणून विहिरीले तुम्ही कुलूप घातलं. आज वच्छलाबाईचा माठ कोरडा होता.

मी पाया पडली, आपलंच प्या म्हटलं. "नाही वं बाई," म्हणाले, अन् घेरी येऊन ओसरीत पडले. पुरातून वाचलेला माणूस माह्या दारात तहानेनं पडला.

किल्ली तुमच्या करदोड्याले. म्हणून मी वरवंट्यानं कुलूप तोडलं. वच्छलाबाईनं पाणी काढलं, स्वतःच्या हातानं बाबाले पाजलं; तिच्या हातचं म्हणून ते प्याले.

मी बाबाले घेऊन नरखेडले मामाकडे चालली. टांगा उभा आहे. भाकरी टोपल्यात आहे. विहिरीचा दोर अन् बादली वच्छलाबाईकडे दिली. तहान लागली तर त्यायच्या दारात जाऊन मागा. त्या देतील.